पाणी कुठलं, किती वाजता घेतलं?

भिशीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना एक प्रश्न मला हमखास येतो. "मॅडम, तुम्ही गंगेवर बाटल्या घेऊन जाता ना? मग सांगा, पाणी आता कसं आहे?" गंगा म्हणजे आमची नाशिकची गोदावरी. विचारणाऱ्याला 'चांगलं' किंवा 'घाण' यातला एक शब्द हवा असतो. मी उलट विचारते, कुठलं पाणी? गंगापूर धरणाच्या पायथ्याचं, सोमेश्वरचं, रामकुंडातलं, तपोवनातलं की दसक-पंचकचं? किती वाजताचं? आणि तेव्हा आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, चालू होतं की बंद? एवढ्यात समोरचा माणूस मठ्ठ्याचा पेला उचलून शेजारच्याशी बोलायला लागतो.

पण याशिवाय उत्तर देता येत नाही, त्याला मी काय करू? म्हणून आज सविस्तर लिहून काढतेय. पुढच्या पंगतीत लिंक पाठवली की काम झालं.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घरातल्या माळ्यावर काचेची भांडी धूळ खात होती आणि सकाळी फिरायला मी तशीही गोदापार्कला जायचेच. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने रसायनं ताजी करून दिली, बर्फाचा डबा दिला, आणि सुरुवात झाली. आता आमच्याबरोबर एक निवृत्त बँकवाले काका आहेत (वही तेच लिहितात, माझं अक्षर डॉक्टरांच्या वळणाचं आहे), शेजारचा अकरावीतला मुलगा आहे आणि दोरी-बादली सांभाळायला कोणी ना कोणी मिळतंच. आमची काही संस्था नाही, लेटरहेड नाही. बरं आहे ते.

आम्ही प्रामुख्याने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजतो. यंत्र मिळतं, विद्यार्थिनीकडे आहेही, पण मला विंक्लरची जुनी पद्धत आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. ३०० मिलीची खास बाटली असते, तिचं काचेचं बूच खाली तिरकं कापलेलं असतं, म्हणजे बूच बसवताना हवेचा बुडबुडा आत अडकत नाही. पुलावरून बादली सोडायची असेल तरी पाणी बाटलीत ओतायचं नाही, नळीने तळापासून हळूच भरायचं आणि वरून वाहू द्यायचं. ओतलं की बाहेरची हवा मिसळली आणि सगळं मुसळ केरात. मग तिथल्या तिथे, काठावर बसूनच, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. नंतर आम्ल घातलं की साका विरघळून आयोडिनचा पिवळा-तांबूस रंग येतो, आणि घरी येऊन थायोसल्फेटने तो उतरवायचा. शेवटी स्टार्चचे थेंब घालायचे, पाणी निळं होतं, आणि ज्या थेंबाला निळा रंग उडतो तिथे ब्युरेट (खुणा केलेली काचेची नळी) वाचायची. २०० मिली पाणी घेतलं आणि थायोसल्फेटचं द्रावण ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं असलं तर हिशेबच करावा लागत नाही, जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे. ही सोय ज्याने शोधली त्याच्या मनात नक्की माझ्यासारखी गणिताला कंटाळलेली बाई असणार.

आणि ऑक्सिजन नसेलच तर? तर साका पांढरा येतो. दुधासारखा पांढरा. नासर्डीच्या एका पुलाखालून पाणी घेतलं तेव्हा अकरावीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, रसायन खराब झालंय." मी त्याला तीच रसायनं घेऊन सोमेश्वरला पाठवलं. धबधब्याखालच्या पाण्याचा साका चहाच्या रंगाचा आला. रसायन ठणठणीत होतं. त्या दिवसापासून तो पोरगा आमच्यात टिकला आहे. वर्षभर मी फळ्यावर समीकरणं लिहून जे शिकवायचे ते पांढऱ्या साक्याने एका मिनिटात शिकवलं.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगते. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर, हवेचा दाब कमी, म्हणून इथे आणखी थोडा कमीच. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे तो असा: विरघळलेला ऑक्सिजन किमान ५, बीओडी ३ किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलीमध्ये ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५०० पर्यंत चालतील. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतील त्याचं माप. बाटली २७ अंशाला अंधारात तीन दिवस ठेवायची आणि आधीचा ऑक्सिजन वजा नंतरचा. इंग्रजी पद्धत पाच दिवसांची, २० अंशाची. पाचच दिवस का, तर तिथल्या कुठल्याही नदीला समुद्र गाठायला पाच दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत, असं सांगतात. आमची गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघून १,४६५ किलोमीटर जाते. पाच दिवसांत ती कुठवर पोचत असेल आणि वाटेत किती बंधाऱ्यांवर अडकून बसत असेल, देव जाणे.

'किती वाजता' ही भानगड मला एका बंधाऱ्याच्या फुगवट्याने शिकवली. जानेवारीतलं निवळलेलं पाणी होतं, हिरवट झाक असलेलं. दुपारी दोन वाजता तिथला साका इतका गडद आला की बँकवाले काका खूश. "बघा, उगाच नावं ठेवतात लोक." ब्युरेटने तर मावायला हवा त्यापेक्षाही जास्त ऑक्सिजन दाखवला. मी म्हटलं, काका, उद्या पहाटे उजाडायच्या आत परत यायचं. काकांनी तोंड वाकडं केलं, पण मफलर गुंडाळून आले. त्याच दगडावरून, त्याच खोलीतून भरलेल्या बाटलीत ऑक्सिजन दुपारच्या निम्म्याहूनही कमी निघाला.

यात जादू काही नाही. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि साबणा-मैल्यातला फॉस्फरस खाऊन शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, पाणी अगदी फेसाळतं. रात्री तेच शेवाळ, आणि तळातले जिवाणूही, तो ऑक्सिजन ओढून घेतात. पहाट ही नदीची सगळ्यात वाईट वेळ. मासे मरतात ते पहाटे, आणि सरकारी जीप येते ती अकरा वाजता. यात कुणाला दोष द्यायचा नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गंगापूर धरण, सोमेश्वर, हनुमान घाट, रामकुंड, तपोवनातला कपिला संगम, सायखेडा, नांदूरमध्यमेश्वर अशा ठरलेल्या ठिकाणांहून नियमित नमुने घेतं, वर्षानुवर्षं घेतं, आणि ती माहिती नसती तर आपल्याकडे बोलायला काहीच नसतं. पण महिन्यातून एकदा, ऑफिसच्या वेळात घेतलेली बाटली पहाटेची बातमी देत नाही. दिवसभर आणि रात्रभर, तासातासाला मोजलं तरच खरा तळ सापडतो. आम्ही जमेल तेव्हा हा चोवीस तासांचा प्रयोग करतो. झोपेचं खोबरं होतं, पण वहीतली ती पानं सगळ्यात बोलकी आहेत.

आता आवर्तन. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: गंगापूर धरणाची साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट, आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य भार त्याच्यावर. पावसाळा ओसरला की नदीत आपोआप वाहणारं पाणी फारसं उरत नाही. पाणी सोडलं तर नदी, नाहीतर डबकी. सिंचनाचं किंवा पिण्याचं आवर्तन सुटलं की दोन-चार दिवस रामकुंडावर पाणी खळाळतं, भाविक सुखावतात, फोटो निघतात. नमुना त्या दिवशी घेतलात तर आकडे झकास येणार. क्रोसिन घेऊन तासाभराने ताप मोजावा, तसला प्रकार. आवर्तन बंद झाल्यावर आठवड्याने त्याच पायरीवर जा आणि मग बोला.

२०१६ च्या उन्हाळ्यात तर रामकुंड चक्क कोरडं पडलं होतं आणि भाविकांसाठी टँकरने पाणी आणून टाकावं लागलं. लोक हळहळले ते तीर्थ आटलं म्हणून. माझ्या मनात दुसराच प्रश्न होता: वरून एक थेंब येत नसताना शहराचं सांडपाणी मात्र रोजच्या रोज तयार होतंच आहे, मग खाली तपोवनापासून पुढे जे वाहतंय ते कोण? उत्तर सोपं होतं. ते आपण होतो. एप्रिल-मेमध्ये तपोवनाच्या खाली गोदावरी म्हणजे बहुतांशी नाशिककरांनी वापरून सोडून दिलेलं पाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच.

यावर कुणी म्हणेल, शुद्धीकरण केंद्रं आहेत की. आहेत. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर. नसती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण जुनी केंद्रं ज्या काळात बांधली तेव्हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी ३० असला तरी चालत असे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये तो १० असावा असं सांगितलं. म्हणून आता जुन्या केंद्रांचं आधुनिकीकरण वगैरे चाललंय. आणि असे निकष आले कुठून तेही बघण्यासारखं आहे. १९१२ साली ब्रिटनच्या रॉयल कमिशनने सांडपाण्यासाठी बीओडी २० आणि गाळ ३० असा निकष सुचवला, तो एका अटीवर: सांडपाणी ज्या नदीत सोडायचं तिच्यात त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असलं पाहिजे. निकष जगभर फिरला, अट मागेच राहिली. वैशाखातल्या गोदावरीत आठपट स्वच्छ पाणी दाखवा मला! एकास एक मिळालं तरी मी पेढे वाटीन.

म्हणजे केंद्र अगदी नियमानुसार चाललं, रात्री वीज गेली नाही, पंप बंद पडला नाही, तरीही खालची नदी आंघोळीच्या निकषात बसेलच असं नाही. बीओडी १० चं पाणी आणि नदीसाठी हवा ३, मधलं अंतर कोण भरणार? ते वरून येणाऱ्या स्वच्छ पाण्यानेच भरायचं असतं. म्हणून मला वाटतं, नाशिकमध्ये प्रदूषणाची चर्चा आणि धरणातल्या पाण्याची चर्चा दोन वेगवेगळ्या खोल्यांत होते हीच खरी गोची आहे. एका खोलीत मंडळ, महापालिका आणि आमच्यासारखे बाटलीवाले. दुसऱ्या खोलीत पाटबंधारे, शेतकरी आणि खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्याचं भांडण. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि मग इकडे मोर्चे निघतात, तिकडे मोर्चे निघतात. दोन्हीकडच्या मोर्च्यात माझे नातेवाईक असतात, तेव्हा मी त्यावर बोलत नाही. एवढंच सांगते की दोन्ही बाजू पाणी मोजतात ते दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटांत. नदीसाठी म्हणून, फक्त तिने वाहत राहावं म्हणून, वेगळं काढलेलं पाणी कोणत्याही भांडणात कुणाच्याच मागणीत नसतं.

घाटावरच्या बायकांबद्दल लिहिलंच पाहिजे. गंगेवर कपडे धुणाऱ्या बायकांना हटकणं हा शहरातला आवडता उद्योग आहे. बुधवारच्या बाजाराला आलेला माणूससुद्धा जाता जाता त्यांना सुनावून जातो. गाडगे महाराज पुलाजवळ एक मावशी मला म्हणाली, "ताई, आमच्या साबणाचा फेस दिसतो तुम्हाला. तुमच्या बाथरूमचा दिसत नाही, तो जमिनीखालून येतो ना." मावशीला रसायनशास्त्र शिकवायची गरज नाही. साबणाने फॉस्फेट येतं हे खरं, निर्माल्याने पाणी नासतं हेही खरं, गाड्या धुण्याने तेल येतं आणि त्यावर दंड आहे तो योग्यच आहे. पण लाखो घरांच्या मोरीपुढे घाटावरच्या पंचवीस पिळ्यांचा हिशेब किती धरायचा? निर्माल्य कलश ठेवावेत, ठेवलेतही, लोक वापरतातही. माझी तक्रार इतकीच की डोळ्यांना जे दिसतं त्यावर आपण मोहिमा काढतो, आणि पावसाळी गटारीत गुपचूप जोडलेल्या ड्रेनेजच्या पाइपावर काढत नाही, कारण तो पाइप बहुतेक वेळा आपल्याच सोसायटीचा असतो. आमच्या भागात असा एक निघाला. सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा अध्यक्षांनी आधी पार्किंगचा मुद्दा घेतला. नंतर चहा आला.

नाल्यांचंच मोजमाप व्हायला हवं, घाटाचं नंतर. नासर्डी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळून, मग भर वस्तीतून येते आणि टाकळीला गोदावरीत मिळते. याच टाकळीला समर्थ रामदासांनी नंदिनीच्या पाण्यात उभं राहून बारा वर्षं जप केला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. नंदिनी म्हणजे हीच नासर्डी. तिच्या पाण्यात आज उभं राहण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. पंचवटीतून वाघाडी येते. दक्षिणेकडून वालदेवी येते, ती दारणेला मिळते. यातल्या प्रत्येकीच्या मुखाशी पाणी किती, हे आधी कळलं पाहिजे. नुसता बीओडी पुरत नाही. बीओडी २०० चा चिमूटभर नाला आणि बीओडी ४० चा दणदणीत नाला, यातला नदीचा मोठा शत्रू दुसरा असू शकतो. घाण म्हणजे आकडा गुणिले प्रवाह. प्रवाह मोजायला काही महागडं लागत नाही: दहा मीटरचं सरळ अंतर, एक संत्रं (पाण्यात अर्धं बुडून तरंगतं, वारा त्याला ढकलत नाही), मोबाइलमधलं घड्याळ, आणि काठीने मोजलेली खोली व रुंदी. वरच्या थराचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. संत्र्याचा मोसम संपला की आम्ही मोसंबी वापरतो. भाजीवाला विचारतो, मॅडम, रोज एकच कशाला नेता?

केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात महाराष्ट्रातले ५३, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. गोदावरीचा सोमेश्वरपासून खालचा पट्टा पहिल्या प्राधान्याच्या वर्गात होता. पहिलं प्राधान्य म्हणजे जिथे बीओडी ३० च्या वर आढळला तो पट्टा. पेपरात मोठा मथळा आला, चार दिवस चर्चा झाली. मला त्या यादीतली महत्त्वाची गोष्ट वाटली ती ही की पट्टा सोमेश्वरपासून सुरू होतो. म्हणजे रामकुंडाच्या कितीतरी आधी, गंगापूर रोडच्या नव्या, महागड्या वस्तीच्या अंगाला. घाण फक्त जुन्या नाशकातून, झोपडपट्टीतून येते असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा आनंदवल्लीच्या अंगाला सकाळी चालून यावं. रुमाल घेऊन.

खालच्या अंगाला आम्ही क्वचित जातो, पण गेलो की दिवस जातो. ओढा गाव ओलांडून सायखेडा, चांदोरी. चांदोरीला नदीच्या पात्रात जुनी दगडी देवळं आहेत, पाणी उतरलं की उघडी पडतात. ती बघायला गेलो तेव्हा पाणवेलींचा असा काही गालिचा पसरला होता की पात्र कुठलं आणि काठ कुठला तेच कळेना. एका द्राक्ष बागायतदार दादांनी दोन माणसं लावून मोटारीच्या फुटव्हॉल्व्हभोवतीच्या पाणवेली ओढून काढल्या होत्या. मी त्यांना फॉस्फरस वगैरे समजवायला लागले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या नाशकाचं खत आहे हे. फुकट मिळतंय, पण आमच्या बागेला न जाता हिला लागतंय." पाणवेल यंत्राने काढतात, पुन्हा येते. येणारच. आवर्तन सुटलं की वरच्या पाणवेली सुटून खाली नांदूरमध्यमेश्वरकडे जातात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा इंग्रजांच्या काळातला, मागे गाळ साठून दलदल झाली आणि पक्ष्यांनी ती आपलीशी केली. २०२० च्या जानेवारीत ती महाराष्ट्रातली पहिली 'रामसर', म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात तिथे दुर्बीण लावून बसणाऱ्या मंडळींत नाशिकचे लोक भरपूर असतात. जे पाणी बघायला ते गाडी काढून जातात, तेच त्यांनी घरून आधी पाठवलेलं असतं.

बाटल्यांखेरीज आम्ही दगड उलटतो. हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण याला रसायन लागत नाही. धरणाच्या खालच्या वाहत्या पाण्यातला दगड उचलला की खाली तीन शेपट्यांची, चपटी, चपळ पिल्लं पळताना दिसतात. ती मेफ्लाय नावाच्या किड्याची. त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. वाळूच्या कणांची नळी बांधून राहणाऱ्या अळ्या असतात, चतुरांची पिल्लं असतात. शहर ओलांडून खाली आलात की हे सगळं गायब होतं आणि चिखलात उरतात त्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जवळपास ऑक्सिजन नसलेल्या गाळातही त्या मजेत जगतात. बाटली त्या क्षणाचं सांगते. दगडाखालची वस्ती गेल्या काही महिन्यांचं सांगते. आदल्या दिवशी आवर्तन सोडून बाटलीतला आकडा सुधारता येतो. मेफ्लायला मात्र एका दिवसात बोलावून आणता येत नाही. माशांचंही तसंच. जाळं टाकणारे सांगतात की शहराखाली मिळते ती चिलापी आणि मांगूर, दोन्ही बाहेरून आलेल्या, दोन्ही कशातही तग धरणाऱ्या.

एक काळजी पहिल्या पावसाची असते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की शहर आनंदात असतं, आणि नदीत वर्षातला सगळ्यात घातक दिवस उगवतो. उन्हाळाभर नाल्यात आणि बंधाऱ्यांमागे साठलेला काळा गाळ एकदम ढवळला जातो, तो पाण्यातला ऑक्सिजन खातो, आणि मासे तरंगतात. लोक म्हणतात, कुणीतरी विष टाकलं. कधी तसंही असेल. पण बऱ्याचदा ते विष आपणच आठ महिने थोडं थोडं जमवलेलं असतं. गाळ पावसाआधी काढला तर हे टळतं, आणि नालेसफाईचा मुहूर्त नेमका पहिल्या सरीनंतर का निघतो हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि आता २०२७ चा सिंहस्थ. सगळं शहर त्याच्याच तालावर नाचतंय. नवी केंद्रं, नवे घाट, 'नमामि गोदा' हा नदी स्वच्छतेचा प्रकल्प. मागे एका सिंहस्थाच्या वेळी रामकुंड परिसरात तळाला काँक्रीट ओतलं, जुनी कुंडं त्याखाली गाडली, झरे बुजले. मग ते काढण्यासाठी लोकांना कोर्टात जावं लागलं, आणि २०१२ च्या जनहित याचिकेनंतर उच्च न्यायालयाने प्रदूषणावर लक्ष घातलं, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले. आता नवं बांधकाम करताना हे कुणाच्या तरी ध्यानात असेल अशी आशा. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. आपला सिंहस्थ भर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात येतो. धरणं भरलेली, विसर्ग चालू, नदी दुथडी. त्या दिवशीचे आकडे चांगले येतील, छापले जातील. चैत्रात त्याच कुंडात कोणी तरी वडिलांच्या अस्थी घेऊन उभा असेल आणि ओंजळभर पाणी तोंडात घेईल, त्याच्या पाण्याचा आकडा मला हवा आहे.

पूर मोजायला नाशिकने नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती नेमली आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, की सराफ बाजार दुकानं आवरायला घेतो. टीव्हीवरचा क्युसेक ज्याला समजत नाही त्यालाही मारुती समजतो. पण नदी घटल्यावर बघायला असं काहीच नाही. म्हणून मी गेल्या वर्षी एका कार्यालयात अर्ज दिला: घाटावर एक साधा फळा लावा. त्यावर रोज चारच गोष्टी लिहा. तारीख आणि वेळ, धरणातून किती क्युसेक सुटतंय, पहाटेचा ऑक्सिजन, आणि शेवटच्या तपासणीतले कोलिफॉर्म. खडूचा खर्च मी देते, असंही लिहिलं होतं. उत्तर आलं, "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे." संबंधित विभागाकडे गेले, तर त्यांनी पहिल्या कार्यालयाचं नाव सांगितलं. बँकवाले काका म्हणाले, फाइल तरी वाहतेय.

फळा लागेपर्यंत वही चालू आहे. आवर्तन बंद होऊन आठवडा झाला की पुढची फेरी होईल, सोमेश्वर ते टाकळी. यायचं असेल त्यांनी उजाडायच्या आत यावं, जुन्या चपला घालून, आणि फोटोसाठी पाण्यात उतरू नये. रबरी हातमोजे स्वतःचे आणा. स्टार्चचं द्रावण मी आदल्या रात्री ताजं करते. संत्रं कुणी तरी आणा, माझ्या भाजीवाल्याला आता संशय यायला लागलाय.